पाठीवर लिहिलं होतं शेळीपालन

धुळ्याच्या त्या वाचनालयातलं जाळीचं कपाट अजून तिथंच आहे. तेव्हा ते हिरवं होतं, आता त्याला चॉकलेटी रंग दिलाय. दाराच्या खालच्या कोपऱ्यात जाळी जिथं आत दबलेली होती, तिथं ती अजून दबलेलीच आहे. ते बघायला मला वाकावं लागलं. आठ-नऊ वर्षांची असताना वाकावं लागत नसे. माझं नाक बरोबर त्या उंचीवर यायचं आणि जाळीचा लोखंडी वास नाकात राहायचा. घरी गेल्यावर आई पदराने माझ्या नाकावरचा काळा डाग पुसायची.

आता आत स्पर्धा परीक्षांची जाड पुस्तकं उभी आहेत. मी एकेका पाठीवरून नजर फिरवली. मग मागे सरून पुन्हा पहिल्यापासून फिरवली. जळगावहून सकाळच्या एसटीने निघाले होते. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, आणि सगळा वेळ मांडीवरच्या पिशवीत मी एका पुस्तकापुरती जागा मोकळी ठेवली होती.

पुस्तक तनूसाठी हवं होतं. तनू माझ्या धाकट्या भावाची, बाळूची मुलगी. आठ वर्षांची आहे. बाळूचं धुळ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळलेल्या मोटारी त्याच्याकडे येतात आणि तांब्याची नवी तार अंगात घेऊन परत जातात. शाळा सुटली की तनू तिथं रिकाम्या रिळावर बसून वाचते. शेजारच्या मुलीचं नववीचं विज्ञान तिने दोनदा वाचलं. मग अकरावीचं आणलं. त्यातलं किती कळतं असं विचारलं तर म्हणाली, "अर्धं कळतं. पण उरलेलं अर्धं कशाबद्दल आहे ते कळतं."

संक्रांतीला मी गेले होते तेव्हा तिळगूळ खात खात तिने विचारलं होतं, "आत्या, ताऱ्यापर्यंत कुणी गेलेलं नाही ना?"

"नाही."

"मग तो कशाचा बनलाय हे कसं कळलं? पुस्तकात सरळ लिहून टाकलंय, हायड्रोजन. कुणी बघितला?"

बाळू स्क्रू आवळता आवळता हसला. "दिवसभर हेच चालतं, अक्का. परवा एका गिऱ्हाइकाला विचारलं, तुमची मोटर जळाली ते तुम्हाला आधी वासाने कळलं का आवाजाने. तो म्हणाला, बिलाने."

मी हसले नाही. तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. तिच्याच वयाची असताना तो मला पडला होता आणि एका पुस्तकाने मला त्याचं उत्तर दिलं होतं. उत्तर कळलं त्या दुपारचं ऊनसुद्धा मला आठवत होतं. मी तनूला म्हटलं, "याचं उत्तर एका पुस्तकात आहे. मी वाचलेलं आहे. तुला आणून देते."

"नक्की?"

"नक्की."

जळगावात मी माहीत होती तेवढी दुकानं पालथी घातली. तेच पुस्तक मिळणार नाही हे माहीत होतं, पण त्याच्यासारखं एखादं मिळेल असं वाटलं. एका दुकानात गल्ल्यावर मारवाडी शेटजी होते. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान. माणूस मनापासून मदत करणारा.

"कितवीत आहे बेबी?"

"तिसरीत."

"मग हे घ्या. रंग भरायचं. खडूसकट येतं."

"तिला ताऱ्यांविषयी वाचायचंय."

"असं सांगा ना. हे बघा, ग्रह-तारे. चमकी लावलीय पानांना."

"हे वाचलं तिने. उभ्या उभ्या संपलं."

शेटजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या फळीवरून एक विटेएवढं पुस्तक काढलं. "मग हे न्या. प्रवेश परीक्षेचं. याच्यापुढे काही नाही."

"याच्या आणि त्याच्या मधलं नाही का काही?"

"मधलं?" त्यांनी खरंच विचार केला. "मधलं कुणी मागत नाही, ताई. नाही म्हणजे, मागच्या वर्षी एक मास्तर आले होते चोपड्याकडचे. असंच विचारत होते. त्यांच्या मुलाला मधलं पाहिजे होतं."

"त्यांना काय दिलंत?"

"हेच," शेटजी विटेवर हात ठेवून म्हणाले. "दुसरं काय देणार?"

मोबाइलवर सगळं असतं असं ऑफिसातले म्हणाले. तनूच्या आईने तिला काही व्हिडिओ लावूनही दिले. तनूने दोन दिवस पाहिले आणि सोडले. मला फोनवर म्हणाली, "तो माणूस थांबत नाही, आत्या. मला मधे थांबायचं असतं."

ती दर रविवारी फोनवर विचारायची, "मिळालं?" मी म्हणायची, "बघतेय." फाल्गुनात एका रविवारी तिने विचारलं नाही. मला वाटलं विसरली असेल. पुढच्या रविवारीही विचारलं नाही. शाळेत स्नेहसंमेलन झालं, त्यात ती झाड झाली होती, ते सांगितलं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. मूल विचारायचं थांबतं ते एकदम थांबत नाही. आधी एक रविवार जातो. माझं मला माहीत आहे.

म्हणून मग मूळ पुस्तकच शोधायचं ठरवलं. ते कुठं आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

आमच्या लहानपणी गल्लीच्या टोकाला करीमचाचांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे पत्र्याचं छप्पर. दारातून आत शिरलं की आधी खळीचा वास यायचा. मैदा पाण्यात शिजवून चाचा खळ करायचे आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. ताजी खळ किंचित निळसर दिसायची. गरम असताना तिचा वास भाताच्या पेजेसारखा, आणि त्याच्या मागून तांब्याच्या भांड्यासारखा काहीतरी आंबट. माझी आई तिथं पुस्तकं शिवायची. दोऱ्याला मेण लावून, दाभणाने भोकं पाडून, एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, एकमेकाला जोडत जायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पानांखालचे आकडे ती ओळखायची आणि तेवढ्यावर तिचं एकही पुस्तक कधी उलटसुलट शिवलं गेलं नाही. तिच्या नखांच्या कडा कायम हिरव्या असायच्या. त्याच हातांनी ती संध्याकाळी कळण्याची भाकरी थापायची.

शाळेतून आले की मी तिथंच. दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा. पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा फिरवताना तो करकरायचा, मग लाकडी हातोडीचे ठोके, पुस्तकाच्या पाठीला गोलाई देण्यासाठी चाचा हळूहळू ठोकायचे. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. त्यामुळे दुकानात येणाऱ्या हजारो मराठी पानांना वाचक अशी मी एकटी होते.

"पढ बेटी, पढ," ते म्हणायचे. "मगर पन्ना ओला नही होना. और आँखे दूर."

आईचं वेगळं. "दोरा ओवी दे व माय. वाची वाचीसन पोट भरस का?"

पुस्तकं दुरुस्तीला यायची वाचनालयातून, शाळांमधून, एखाद्या वकिलाकडून. उसवलेली, पाठ सुटलेली. चाचा ती आधी पूर्ण मोकळी करायचे. त्यामुळे मी जे वाचलं ते सुट्या फर्म्यांत वाचलं. मधलं आधी, शेवट नंतर, सुरुवात कधी मिळाली तर मिळाली. पुस्तक शिकंज्यात गेलं की माझं वाचन संपलं. उन्हाळ्यात खळ तासाभरात वाळायची, पुस्तक हातातून लगेच जायचं. पावसाळ्यात मात्र हवा दमट, शिकंज्यातलं लवकर वाळायचं नाही आणि बाकीची सुटी पुस्तकं आठ-आठ दिवस फळीवर पडून राहायची. म्हणून मला पावसाळा आवडायचा. इतर मुलं चिखलात खेळायची आणि मी खळ वाळू नये अशी प्रार्थना करायची.

अशाच एका श्रावणात वाचनालयातून पातळ पुस्तिकांचा एक गठ्ठा आला. चाळीस-पन्नास पानांच्या, टाचण्या गंजलेल्या, मलपृष्ठं फाटलेली. कुणीतरी कधीतरी वाचनालयाला दिलेल्या. त्यातल्या चार विज्ञानाच्या होत्या. एक ताऱ्यांवर, एक पाण्याच्या थेंबातल्या जिवांवर, एक चुंबकावर, एक रक्तावर. त्या मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी असाव्यात. पण लिहिणाऱ्याने कुठंच घाई केली नव्हती. एक गोष्ट सांगायची, मग थांबायचं, मग विचारायचं, आता तुम्हाला असं वाटेल की हे कसं शक्य आहे. आणि मला अगदी तसंच वाटत असायचं. शाळेच्या पुस्तकासारखं त्यात बालमित्रांनो म्हटलेलं नव्हतं. मला कुणी बालमित्र म्हटलं नाही याचा तेव्हा किती आनंद झाला होता ते मी आज सांगू शकत नाही.

आठ दिवस मी त्या चार पुस्तिका पुन्हापुन्हा वाचल्या. निम्मं कळलं नाही. न कळलेलंसुद्धा गोड लागलं. रात्री दादांना, म्हणजे वडिलांना, मी रक्त लाल का असतं ते सांगायला लागले तर ते उद्याच्या काळजीने म्हणाले, "बठ्ठं आजच वाची टाकशी, तं सकाय काय वाचशी?"

वाचनालयाचा निरोप असा होता की पातळ पुस्तिका हरवतात, म्हणून पाच-पाच एकत्र बांधा. कोणत्या पाच ते सांगितलं नव्हतं. चाचांनी गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला आणि उंचीप्रमाणे वाटण्या केल्या. "माप एक, जिल्द एक," ते म्हणाले. माझ्या चार पुस्तिकांच्या मापाची पाचवी निघाली ती शेळीपालनाची. सरकारी शेतीखात्याची, वर दाढीवाल्या बोकडाचं चित्र.

पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं होतं आणि चाचांना त्याचा अभिमान होता. गिऱ्हाइकाला ते म्हणायचे, छापल्यासारखं आहे की नाही बघा.

मी विचारलं, "चाचा, वर कोणतं ठेवू?"

"कोई भी. जो ऊपर, उसका नाम."

ताऱ्यांची वर ठेवली असती तर पाठीवर तारे असं नाव आलं असतं. वाचनालयात ते बालविभागात नाहीतर विज्ञानाच्या फळीवर गेलं असतं, वकिलांच्या, डॉक्टरांच्या मुलांनी ते नेलं असतं, आणि मी जाईन तेव्हा ते कधीच जागेवर नसतं. मी बोकड वर ठेवला. त्याच्याखाली तारे, थेंब, चुंबक, रक्त. आईने पाचही एका दोऱ्यात शिवल्या. लाल रेक्झिनची पाठ लागली आणि मी माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं, शेळीपालन. ळ दोन्ही बाजूंनी सारखा गोल आला होता. माझ्याशिवाय हे पुस्तक कोण मागणार आहे, असं म्हणून मी मनात हसले.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात गेले. माझ्याकडे बालविभागाचं कार्ड होतं; शाळेतल्या बाईंनी ते काढून दिलं होतं, त्यांचे उपकार मी विसरलेली नाही. जाळीच्या कपाटात खालच्या ओळीत, कंपोस्ट खत आणि कुक्कुटपालन यांच्यामध्ये, माझं लाल पुस्तक उभं होतं. टेबलापाशी ग्रंथपाल नाना होते. त्यांना सगळं धुळे नाना म्हणायचं.

"नाना, ते पुस्तक पाहिजे."

"कोणतं?"

"शेळीपालन."

नानांनी चष्मा कपाळावर घेतला. "घरी शेळ्या आहेत?"

"नाही."

"घेणार आहेत?"

"माहीत नाही."

वर्तमानपत्र वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "द्या हो नाना. पोरगी धंदा काढतेय. पहिलं दूध तुम्हालाच."

सगळे हसले. नानासुद्धा. मग मायेने म्हणाले, "बाळ, हे मोठ्यांच्या विभागातलं आहे. बालविभागाच्या कार्डावर मिळत नाही. तुझ्या बाबांना म्हणावं, सभासद व्हा."

मला हे सुचलंच नव्हतं. मी ते सगळ्यांपासून लपवलं होतं आणि माझ्यापासूनही. आत तारे आहेत असं त्यांना सांगता आलं असतं. पण मग विचारलं असतं, तुला कसं माहीत? शेळ्यांखाली तारे बांधले कुणी? चाचांना बोल लागला असता, आईचं काम गेलं असतं. मी मान डोलावली आणि परीकथांचं एक पुस्तक घेऊन घरी आले.

दादांना म्हटलं, सभासद व्हा. त्यांनी विचारलं, कोणतं पुस्तक पाहिजे? मी सांगितलं. ते म्हणाले, "आपला घर कोंबडीबी नई शे, पोरी."

मग कितीतरी रविवार मी जाळीला नाक लावून उभी राहिले. पुस्तक जागेवर असायचं. ते तिथं आहे एवढं बघून मी परत यायची. उन्हाळ्यात पांझरेचं पात्र कोरडं पडायचं, लोक त्यातून पायवाट काढायचे, मीही त्या वाटेने यायची. वाळूत चमकणारे कण दिसायचे आणि चुंबकाच्या पुस्तिकेत वाळूबद्दल काहीतरी होतं हे आठवायचं. काय होतं ते पुढे पुढे अंधूक झालं.

मी बी.कॉम. झाले. विज्ञान का घेतलं नाही ते आता सांगून उपयोग नाही. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारी मी पहिली. आईने त्या कागदाची कडा दोन बोटांत धरून चाचपली आणि म्हणाली, "कागद चांगला शे. टिकी." नोकरी लागली, जळगावला आले, धाकट्या भावाचं दुकान उभं राहिलं. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावं मी रोज देवापुढे आठवते. चाचांचं आणि नानांचंही.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. कॉलेजात असताना माझ्याकडे मोठ्यांचं कार्ड आलं होतं. तीन वर्षं होतं. मी ते पुस्तक एकदाही काढलं नाही. जाता-येता जाळीतून बघायची. तिथं आहे, असं म्हणून पुढे जायची. वाचायला हिशेबाची पुस्तकं होती.

आता नानांच्या जागी एक बाई ग्रंथपाल आहेत. चाळिशीच्या, बोलायला चांगल्या. मी कपाटापाशी बराच वेळ उभी आहे हे बघून त्या उठून आल्या.

"काय शोधताय, ताई?"

"इथं शेतीची पुस्तकं असायची. लाल पाठीचं एक होतं. शेळीपालन."

त्या थबकल्या. "तुम्हाला ते आठवतं?"

"तुम्हाला आठवतं?"

"मीच काढलं ना ते. जुनी पुस्तकं निर्लेखित करतात, म्हणजे यादीतून काढून रद्दीत देतात, तेव्हा. यादी करताना प्रत्येकाची तारखेची चिठ्ठी बघायची असते, शेवटचं कुणी कधी नेलं. त्याची चिठ्ठी कोरी होती. एक शिक्का नाही. इतक्या वर्षांत कुणी नेलंच नाही. म्हणून लक्षात राहिलं. बांधणी तर इतकी छान होती, काढताना जिवावर आलं. पण ठेवणार कशासाठी? त्यातली माहितीसुद्धा जुनी झालेली असणार."

"आत बघितलंत?"

"आत काय बघायचं?" त्या म्हणाल्या. "शेळ्याच ना."

मी हो म्हटलं. त्यांनी मला खुर्ची दिली. लहान मुलीसाठी विज्ञानाचं काही हवंय असं सांगितल्यावर बालविभागाचं कपाट उघडून दाखवलं. चमकीचे ग्रह-तारे तिथंही होते. "पुस्तकांची यादी वरून येते," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुमच्यासारखं विचारणारी आई महिन्यातून एखादी येते. मी नाव लिहून ठेवते." आणि खरंच त्यांनी एका वहीत तनूचं नाव लिहून घेतलं. तिच्या वर बरीच नावं होती.

रद्दीवाल्याचा माग काढावा म्हणून मी करीमचाचांच्या दुकानात गेले. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. पत्रा गेला, वर स्लॅब आलाय. त्यांचा मुलगा शकील लॅमिनेशन आणि लग्नपत्रिका करतो. दुकानात गरम प्लास्टिकचा वास होता. भिंतीशी शिकंजा उभा होता, त्याच्या दांड्यावर हेल्मेट अडकवलेलं.

"अक्का, या ना, बसा," शकील म्हणाला. "अब्बा तुमच्या अक्षराच्या चिठ्ठ्या दाखवायचे आम्हाला. म्हणायचे, असं लिहा, नाहीतर लिहू नका. म्हणून आम्ही कंप्युटर घेतला."

मी त्याला रद्दीचं विचारलं.

"वाचनालयाची? ती आता धुळ्यात थांबत नाही, अक्का. ट्रक भरला की थेट कागदाच्या कारखान्यात. त्याचा लगदा होतो. आठ दिवसही नाही लागत." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "काही महत्त्वाचं होतं का?"

"नाही. शेळीपालन."

तो हसला, मग मी हसले नाही हे बघून त्याने चहा सांगितला.

बाळूच्या दुकानात पोचले तेव्हा चार वाजत आले होते. दुकानात वार्निश तापल्याचा वास भरलेला. बाळू मोटारीत तार भरत होता, तनू रिळावर बसली होती. मांडीवर नवंकोरं पुस्तक होतं, पानभर प्रश्न आणि प्रत्येकापुढे चार गोल. जूनपासून तिला फाउंडेशनच्या क्लासला घालायचं ठरलंय. "हुशारी वाया नको जायला, अक्का," बाळू म्हणाला. तो चुकीचं काय बोलत होता? माझ्याकडे तरी त्या हुशारीला द्यायला काय होतं?

"मिळालं का पुस्तक?" त्यानेच विचारलं. तनूने नुसती मान वर केली.

मी तिला सगळं खरं सांगितलं. की पुस्तक होतं, ते मी शेळ्यांखाली लपवलं, आणि शेळ्या कुणाला नको होत्या म्हणून ते गेलं. ती रागावेल असं वाटलं होतं. उलट तिचा चेहरा उजळला.

"मग तू सांग ना. तू तर वाचलंयस."

माझ्या मनात हे कसं आलं नव्हतं. मी तिच्याजवळ दुसऱ्या रिळावर बसले आणि सांगायला लागले. खळ कशी शिजायची ते सांगितलं, मोरचुदाचा निळा रंग, पत्र्यावरचा पाऊस, आजी दोऱ्याला मेण कसं लावायची, फर्मे कसे सुटे असायचे आणि मी मधूनच कशी वाचायची. बाळूही हातातलं काम थांबवून ऐकायला लागला. आईचं निघालं तेव्हा त्याचे डोळे भरले. इतकं नीट मी आयुष्यात काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गेलेलं सगळं काही गेलं नाही.

तनू शेवटपर्यंत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "हो. पण आत काय लिहिलं होतं?"

"आत?"

"तारा कशाचा आहे ते कसं कळलं?"

"एक चित्र होतं," मी म्हटलं. "डाव्या पानावर. प्रकाशाचा पट्टा होता. छपाई काळी, म्हणून खाली रंगांची नावं लिहिली होती. तांबडा, नारिंगी, पिवळा. आणि त्या पट्ट्यात मधे मधे काळ्या रेघा होत्या."

ती पुढे सरकली. "रेघा कशाच्या?"

मी तोंड उघडलं. ते पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. कागदाचा पिवळेपणा, कोपऱ्यातला खळीचा डाग, रेघांची जागासुद्धा. त्या रेघा म्हणजे काय ते मला एका दुपारी कळलं होतं आणि मी आनंदाने उठून उभी राहिले होते, आईने विचारलं होतं, काय झालं व? उठून उभी राहिले ते आठवत होतं. का, ते आठवत नव्हतं.

"तेव्हा मला कळलं होतं," मी म्हटलं.

"आणि आता?"

बाळूने समोरची मोटर चालू करून पाहिली. ती घरघरली, फिरली, थांबली. तनू माझ्या तोंडाकडे बघत होती. ती फार वेळ थांबली, मुलं थांबतात त्याहून जास्त.

मग म्हणाली, "बरं."

ती उठली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्यासमोर धरलं, पाहुण्याला देतात तसं, दोन्ही हातांनी.